तिसरा तोम्

तंजावूर,
१४ फेब्रुवारी १९९४

ती. नंदिताअक्कास श्रीकरचा नमस्कार.

तू पाठवलेल्या कोऱ्या कॅसेटवर प्रत उतरवून परत पाठवतो आहे. आधी कॅसेट ऐक, मग पत्र वाच, असं मी दर वेळी लिहितो. या वेळी उलट कर. नाहीतर एकतिसाव्या मिनिटाला तुझ्या काळजात धस्स होईल.

'रेड ऑक्साइड' गुरुवारी संध्याकाळी आमच्या गावात वाजवून गेले. वल्लमच्या वाटेवर एका कॉलेजचं मैदान आहे, तिथे. त्रिचीची तीन गिटारवाली पोरं आणि मृदंगावर आमचा कृष्णमूर्ती. आठ वर्षांचा असताना तो तिरुवैयारूपलीकडच्या खेड्यातून अप्पांकडे मृदंग शिकायला आला, तेव्हापासून आमच्याच घरात जेवतो. पणजोबांचे बोल अप्पांनी मला दिले नाहीत, थोरला म्हणून राघूअण्णाला अर्धेच दिले, आणि सगळेच्या सगळे या पोराच्या हातात घातले. गेल्या वर्षी ते हात गिटारवाल्यांत जाऊन बसले. तेव्हापासून अप्पा त्याच्याशी बोलत नाहीत. ताट मात्र स्वतः वाढतात.

आता वादनाचं. तुझा आणि माझा वाद आहे की 'थर्ड प्लॅटफॉर्म' कोइमतूरला सगळ्यात चांगलं वाजलं. वाद मिटला, अक्का. माझ्याकडे त्या एका चिजेच्या अकरा कॅसेट आहेत. एकीत ती सतरा मिनिटांत आटपते, एकीत बेसवाला वाट चुकतो आणि बाकीचे त्याला शोधत बसतात. म्हणून तर ही मंडळी अल्बम काढत नाहीत, ज्याला हवं त्याला माईक लावू देतात. गुरुवारी विसाव्या मिनिटाला गिटारने सूर धरला तो सोडेचना, आणि कृष्णमूर्ती त्याच्या खालून असा काही धावायला लागला की माझ्या हातातून बॅटरी खाली पडली.

तिसाव्या मिनिटाला करंट गेला. गिटार जागच्या जागी मेल्या. मैदानभर अंधार. माझा रेकॉर्डर बॅटरीवर, तो चालूच राहिला, आणि कृष्णमूर्तीही. मृदंगाला कुठे करंट लागतो! त्याने आमच्या घराण्याची कोर्वै, ती शेवटाकडे नेणारी बोलांची बांधणी, काढली. नवरात्रात देवीपुढे वर्षातून एकदा वाजते ती. बाहेर वाजवायची नाही, अशी शपथ घेऊन शिकवलेली. शेवटी 'तदिंगिणतोम्' तीनदा येतं आणि तिसऱ्या तोम्‌ला सगळं थांबतं, तूही लहानपणी ऐकली आहेस. हजार माणसं श्वास धरून ऐकत होती. मी आयुष्यात असं काही ऐकलं नाही.

तिसरा तोम् पडला नाही. कोणीतरी अंधारात व्यासपीठावर चढून मंडपाची लोखंडी पहार त्याच्या उजव्या मनगटावर घातली. एकदा नाही, तीनदा. कॅसेटवर पहिला घाव मृदंगाच्या काठाला लागल्यासारखा वाटतो. तो काठाला लागला नव्हता. दिवे आले तेव्हा हाड कातडीतून बाहेर आलं होतं, मृदंगाचं पान रक्ताने भिजलं होतं, आणि तो ओरडत नव्हता, हाताकडे बघत होता.

डॉक्टर म्हणतात हात राहील, वाजवायचं विसरा. मनगटावर पहार घालणाऱ्याला मी शोधून काढणार आहे आणि त्याचीच पहार त्याच्या नरड्यात घालणार आहे.

तुझा,
श्रीकर

पुणे,
२६ फेब्रुवारी १९९४

प्रिय श्री,

पत्र आधी वाचलं. तरीही एकतिसाव्या मिनिटाला मी हेडफोन काढून फेकला. जेवले नाही. आईला सांगितलं तेव्हा ती देवघरात जाऊन बसली. कृष्णमूर्तीला तिने दोनदाच पाहिलं आहे, पण तंजावुरातून येणाऱ्या प्रत्येक पत्रात ती आधी त्याचं नाव शोधते.

तू म्हणतोस ते खरं आहे. त्या दोन मिनिटांपुढे कोइमतूर काहीच नाही. मी ती पुनःपुन्हा ऐकली, घावाच्या आधी थांबवून.

एक विचारायचं होतं. तुझा उजवा माईक कुठे होता? त्याच्याजवळ कोण उभं होतं? करंट गेल्यावर, कोर्वै चालू असताना, कोणीतरी बोलतं. आठवून सांग. आणि मामा त्या संध्याकाळी कुठे होते? सहज विचारते.

नंदिता

तंजावूर,
५ मार्च १९९४

ती. नंदिताअक्कास,

माझ्या माईकजवळ कोणी बोलेल? बोलणाऱ्याला मी तिथेच चावलो असतो. वॉकमनवर ती जागा मी पन्नास वेळा ऐकली असेन. मृदंगाशिवाय एक शब्द नाही. तुझ्या वॉकमनला पुण्याचे लोक ऐकू येत असतील.

डावा माईक व्यासपीठासमोर होता. उजवा मी वीस हात दूर, व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी बांधतो, गर्दीचा आवाज यावा म्हणून. उजवी बाजू मी तुमच्यासाठीच भरतो गं. माझा उजवा कान मेलेला, हे तुला ठाऊक आहे. घरात अप्पा टेप वाजवू देत नाहीत, म्हणून हेडफोन, आणि हेडफोनची उजवी वाटी म्हणजे माझ्या डोक्याला नुसती शोभा.

अप्पा कुठे होते विचारतेस. देवळात होते, अण्णाला घेऊन गेले होते. रोज सकाळी ते दवाखान्यात जातात. कृष्णमूर्तीला स्वतःच्या हाताने इडली भरवतात. वर्षभर बोलले नव्हते, आता त्याच्या उशाशी बसून बोल म्हणून दाखवतात. माणूस किती मऊ होऊ शकतो बघ.

गुन्हेगार सापडला आहे. सेल्वम नावाचा वायरमन. मेन स्विच कोणीतरी मुद्दाम खाली ओढला होता, आणि स्विचपाशी तोच होता. दुपारी वायर ओढण्यावरून त्याची आणि कृष्णमूर्तीची मारामारीही झाली होती. पोलिसांनी त्याला चांगला सोलला. समोरचे चार दात गेले, एक डोळा उघडत नाही. तो अजून म्हणतो, लघवीला गेलो होतो. मी ठाण्याच्या दारातून बघितलं. मला समाधान वाटलं, अक्का. खोटं कशाला लिहू. त्याची बायको पोटुशी आहे, पायरीवर बसून कपाळ बडवत होती, तरीही वाटलं.

कृष्णमूर्ती मात्र पोलिसांना एवढंच सांगतो की दिसलं नाही.

श्रीकर

पुणे,
१९ मार्च १९९४

श्री,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं.

तुझी कॅसेट आता नाही. आईने ती ऐकली. मीच ऐकवली, माझी खात्री करून घ्यायला. ऐकता ऐकता तिने वॉकमनचं झाकण उघडलं, कॅसेट काढली, बोटाने टेप उपसली, आणि सगळा गुंता दातांनी तोडला. माझी आई, जी दुधाची पिशवीसुद्धा कात्रीने कापते. मी हात धरायला गेले तर तिने मला ढकललं. कपाळ कपाटावर आपटलं, दोन टाके पडले. मग रडली, आणि मला म्हणाली, "घरचे घरात राहू दे." वीस वर्षं पुण्यात राहूनही रागाची बोली तीच.

तुझ्याकडे मूळ कॅसेट आहे. मी काय ऐकलं ते लिहिणार नाही. माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवू नयेस असंच मला वाटतं.

हेडफोन उलटा घाल.

नंदिता

तंजावूर,
२ एप्रिल १९९४

अक्का,

घातला.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी हसलो. दुसऱ्या दिवशी नदीकाठी एकटा गेलो, उजवी वाटी डाव्या कानाला लावली. आधी गर्दी ऐकली. अकरा कॅसेट भरल्या मी, गर्दी कधी ऐकलीच नव्हती. मग करंट गेला. मृदंग लांबून यायला लागला. आणि अगदी जवळ, माझ्या कानाला तोंड लावल्यासारखा, अप्पांचा आवाज. आमच्या मराठीत.

"राघू, उजवा हात. डोस्क्याला लावू नको, लेकरू आहे. तिसरा तोम् पडू देऊ नको."

ओरडून नाही. आम्ही बाजारात भाजीवाल्यासमोर भाव ठरवताना बोलतो तसंच. आमच्या घरात सगळ्यांची ही खोड आहे. दोनशे वर्षं या गावात राहून आम्हाला वाटतं, मराठी बोललो की दाराला कडी लागली. बसमध्ये, देवळात, लोकांच्या तोंडावर आम्ही वाटेल ते बोलतो. अप्पा हजार माणसांत बोलले आणि त्यांना वाटलं, घरातच बोललो.

 मग मी कॅसेट मागे नेऊन पुन्हा ऐकली. मी असाच आहे.

तुला एक कधी सांगितलं नाही. नऊ वर्षांचा असताना मला कानाच्या इलाजासाठी तुमच्याकडे ठेवलं होतं ना, सहा महिने? तुझ्या शाळेत बसून मी देवनागरी शिकलो ते? तुम्हाला सांगितलं होतं, पायरीवरून पडला. पडलो नव्हतो. ताल चुकला म्हणून अप्पांनी एक थप्पड मारली. कानातून रक्त आलं तेव्हा त्यांनीच मला उचलून डॉक्टरकडे पळत नेलं, वाटभर रडत. म्हणून मी ते कोणाला सांगितलं नाही. त्याच कानाने मला हे ऐकू आलं नाही, म्हणून सेल्वमचे दात पडताना मी समाधानाने उभा राहिलो.

काल कृष्णमूर्तीकडे गेलो. दार लावून विचारलं, "तुला ऐकू आले होते का?" तो आमच्या घरात वाढलेला, मराठी माझ्याइतकीच येते त्याला.  अप्पांना तो वाध्यार, म्हणजे गुरुजी, म्हणतो. तो म्हणाला, "वाध्यार म्हणाले, लेकरू आहे. श्री, सोळा वर्षांत ते मला तसे कधी म्हणाले नव्हते. मग मी कसे सांगू?"

मी त्याला शिव्या घातल्या. तो हसला. मला त्याचाही गळा दाबावासा वाटला.

सेल्वम तुरुंगात आहे. मी काय करू?

श्री

पुणे,
१२ एप्रिल १९९४

श्री,

काय करायचं ते तुला माहीत आहे. तू मला विचारतोस ते मी नको म्हणावं म्हणून.

आई रोज म्हणते, दादाचं वय एकसष्ट आहे, तुरुंगात मरेल. खरं आहे. ती म्हणते, दादाने तिला खांद्यावर बसवून रथ दाखवला. तेही खरं असेल. मलाही त्यांनी सायकल शिकवली आहे. पण सेल्वमच्या बायकोचे दिवस भरत आले, तिला थांबता येत नाही. आणि तुला एक सांगू? कपाळावरचे टाके मला आईचा राग आणत नाहीत, मामांचा आणतात. त्यांचा हात तिथून इथपर्यंत पोचला.

कॅसेट थेट ठाण्यात ने. आधी एक प्रत काढून ठेव. आणि मामांना आधी ऐकवू नकोस. एवढं माझं ऐक. तू नक्की ऐकवायला जाशील, मला तुझा स्वभाव ठाऊक आहे. नको.

नंदिता

तंजावूर,
९ मे १९९४

ती. नंदिताअक्कास,

तुझं ऐकलं नाही.

मला वाटलं, अप्पांनी स्वतः चालत ठाण्यात जावं. मी कॅसेट नेऊन द्यावी आणि त्यांना दंडाला धरून आणावं, हे मला सोसवेना. शिवाय, हसू नकोस, मला त्यांना ते वादन ऐकवायचं होतं. त्यांच्या शिष्याने वाजवलेलं सगळ्यात चांगलं. ते मी भरून ठेवलं होतं, आणि त्यांनी माझी एकही कॅसेट कधी ऐकली नव्हती.

सकाळी पूजा झाल्यावर त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला. सुलटा. त्यांनी डोळे मिटले. मांडीवर बोटं चालायला लागली. स्वतःचा आवाज आला तेव्हा बोटं थांबली. मग पुन्हा चालायला लागली, जिथे असायला हवी होती बरोबर तिथून. घाव झाला. त्यांनी हेडफोन काढून नीट खाली ठेवला आणि म्हणाले, "दुसऱ्या फेरीत पोराने घाई केली."

मग विचारलं, "कोणाला ऐकवलेस?"

"अक्काला," मी म्हणालो, "आत्याला. आता पोलिसांना."

ते सांगायला लागले. स्विच अण्णाने त्यांच्या सांगण्यावरून ओढला. तेवढंच ठरलं होतं, गोंगाट बंद करून पोराला घरी आणायचं. "करंट गेला तर तो उठेल वाटले. तो उठला नाही. माझ्या आजोबांची वस्तू बिडी ओढणाऱ्या पोरांपुढे ओतायला लागला." आणि एकदम उठून त्यांनी मला मारलं. साठी उलटली तरी तो हात मृदंगाचा आहे. डाव्या कानावर. येताना दिसला होता, अक्का. मी बाजूला झालो नाही. का, ते मला अजून कळत नाही. पडलो, तोंड उंबऱ्यावर आपटलं, ओठ फाटला. वर बघितलं तर ते काहीतरी बोलत होते आणि आवाज येत नव्हता. नुसती शिटी. मग तीही गेली. त्यांना ते कळलं असावं, कारण ते खाली बसले आणि माझं डोकं मांडीवर घ्यायला लागले, मागच्यासारखंच.

मी त्यांचे हात झटकले. कॅसेट घेतली आणि सायकलने ठाण्यात गेलो. शर्टभर रक्त. मागून येणारी बस मला दिसली नाही, ऐकूही आली नाही, कसा वाचलो देव जाणे. ठाण्यात त्यांनी टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावली. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी टेप मोजणारे आकडे बघत बसलो. चारशे बारा, अप्पांच्या आवाजाची जागा, आला तेव्हा मी कागद पुढे केला. त्यावर अप्पांची तीन वाक्यं मी तमिळमध्ये लिहून ठेवली होती. इन्स्पेक्टर कागदाकडे बघत होता, मग टेपकडे, मग माझ्या तोंडाकडे. घाव झाला तेव्हा मात्र सगळे दचकले, त्यावरून मला कळलं की झाला.

अप्पांनी काही नाकारलं नाही. अण्णाने आधी नाकारलं, मग रडला म्हणतात. दोघंही आत आहेत. सेल्वम सुटला. मी त्याच्या घरी माफी मागायला गेलो, तर त्याने मला चपलेने मारलं. चार-पाच बसल्या. मी उभा राहिलो. बायको मध्ये पडली. तिला मुलगी झाली आहे.

डॉक्टर म्हणतात, डाव्या कानाचंही आता काही होणार नाही.

कृष्णमूर्ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे तोंड हलवत नाही. रोज संध्याकाळी येतो, ताटं वाढतो, आम्ही समोरासमोर बसून जेवतो. तो डाव्या हाताने.

मूळ कॅसेट कोर्टात आहे. प्रत काढली होती, ती सोबत पाठवतो. माझ्याकडच्या अकराही पाठवेन, मला त्यांचा उपयोग नाही. एक मागणं आहे. आजवर मी तुला लिहून कळवलं, कसं वाजलं ते. आता तू मला लिही. तिसाव्या मिनिटापासून, करंट गेल्यापासून. काही गाळू नकोस. अप्पांचा आवाजही नको गाळूस. आणि आत्याच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझा,
श्रीकर

पुणे,
२४ मे १९९४

प्रिय श्री,

कॅसेट आईच्याच हाती लागली. पोस्टमनकडून तिने घेतली. तुझं पत्रही तिने आधी फोडलं आणि माझी वाट बघत दारात बसून राहिली. मी आले तेव्हा तिने दोन्ही माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "लाव."

तू सांगितलंस तसं लिहिते.

करंट जातो. गिटारचा सूर अर्ध्यात तुटतो. लोक 'ए' करतात, कोणीतरी शिट्टी मारतो. मग लक्षात येतं की मृदंग थांबलेलाच नाही. तो हळू आहे, लांब आहे. लोक एकमेकांना गप्प करतात. डावीकडे तो एकटा, उजवीकडे हजार माणसांची शांतता. ती शांतता तू फार चांगली भरली आहेस, श्री.

पुढचे बोल मला लिहिता येईनात. मला नुसता धडधडाट ऐकू येतो. मग आईने मांडीवर हात ठेवला आणि ती म्हणायला लागली. मला ठाऊकच नव्हतं. मुलींना शिकवत नसत, पण आजोबा दादाला शिकवायचे तेव्हा ती पलीकडच्या खोलीत तांदूळ निवडत असायची. पन्नास वर्षांत तिने ते एकदाही उच्चारलं नव्हतं. ती एकेक तुकडा सांगत गेली, मी लिहीत गेले. मागच्या चार पानांवर आहेत. कुठे जोरात आणि कुठे हळू, ते रेघ मारून दाखवलं आहे. दुसऱ्या फेरीत खरंच घाई आहे. आई म्हणाली, असू दे, पोर आहे.

मग मामांचा आवाज येतो. तिन्ही वाक्यं, तू लिहिलीस तशीच. आईने डोळे मिटले पण हात थांबवला नाही.

तदिंगिणतोम्.

तदिंगिणतोम्.

तदिंगिण

इथे घाव आहे. मी टेप बंद केली. आई तशीच बसून होती, तळवा मांडीच्या वर उचललेला. मग तिने तो खाली आणला, जोरात, लाल होईपर्यंत, आणि मोठ्याने म्हणाली. टेपवर नाही ते मी लिहिते आहे. तू कृष्णमूर्तीलाही दाखव.

तोम्.

तुझी,
नंदिता